कलिलाचं प्रात्यक्षिक पहिल्यांदा करताना

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी फेरिक हायड्रॉक्साइडचं कलिल, म्हणजे त्याचे खाली न बसता पाण्यात पसरून राहणारे अतिशय बारीक कण, माझ्या हातून सलग तीनदा बिघडलं. बीकरमध्ये आधी कोऱ्या चहासारखा छान लालसर तपकिरी रंग यायचा, पण मी जर्नल उघडून दोन ओळी लिहीपर्यंत तो ढगाळ झालेला असायचा. पंधरा मिनिटांनी वर पिवळट पाणी आणि तळाशी गंजाच्या रंगाचा गाळ. तिसऱ्या वेळी प्रयोगशाळेतले काका आले. त्यांनी माझी वॉश बॉटल उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हे पाणी कुठचं भरलं तुनं? नळाचं हाय न? मंग कसं टिकन ते?"

बाटली रिकामी झाली म्हणून मी ती कोपऱ्यातल्या नळाखाली भरून घेतली होती. काकांनी बीकर बदलायला लावला, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणून दिला, आणि चौथ्या वेळी कलिल जमलं. ते आठवडाभर तसंच राहिलं. त्या एका प्रश्नात कलिलांचं अर्धं रसायनशास्त्र होतं, हे मला पुढे कळलं. आता मी ज्युनिअर बॅचची प्रात्यक्षिकं घेते आणि दरवर्षी तेच चेहरे, त्याच चुका पाहते. मी नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडकडच्या गावातून, मराठी शाळेतून आले. आठवीत शिकलेलं 'कलिल' आणि अकरावीच्या पुस्तकातलं 'कोलॉइड' एकच आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख. अकरावीला असाल, बी.एस्सी.ला असाल किंवा घरी मुलांना दाखवायचं असेल, तरी क्रम हाच ठेवा.

१. आधी एक समज दुरुस्त करून घ्या

कलिल हा पदार्थांचा प्रकार नाही. ती पदार्थाची अवस्था आहे.

१८६१ साली थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने हा शब्द आणला. मीठ आणि साखर चर्मपत्रातून भराभर पलीकडे जातात, पण सरस, गोंद, जिलेटिन अडून राहतात, हे त्याने पाहिलं. सरसाला ग्रीक भाषेत 'कोला' म्हणतात, त्यावरून कोलॉइड. ग्रॅहमला वाटलं होतं की निसर्गात पदार्थांच्या दोन जातीच आहेत. पुढे कळलं की तसं नाही. साबण अल्कोहोलमध्ये साध्या द्रावणासारखा विरघळतो, आणि तोच साबण पाण्यात पुरेसा घातला की कलिल होतो. जात बदलली नाही, कणांचा आकार बदलला.

आकार लक्षात ठेवा: १ ते १००० नॅनोमीटर. त्याहून लहान असेल तर खरं द्रावण, मोठा असेल तर निलंबन, म्हणजे काही वेळाने खाली बसणारं गढूळ मिश्रण. माणसाचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज येईल.

एवढ्याशा आकाराने एवढा फरक का पडतो? एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल इतकं. तोच घन १० नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर १५०० फुटांचे चार प्लॉट आणि वर थोडं. पदार्थ तेवढाच, वजनही तेवढंच, पण पृष्ठभाग चार प्लॉटचा. त्या पृष्ठभागाला पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, चिकटतात, त्यामुळे कणाला विद्युतभार येतो. सगळ्या कणांवर सारखाच भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि एकत्र येऊन खाली बसत नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यावर उभ्या आहेत.

पहिला सापळा इथेच आहे. "कलिल गाळणकागदातून जात नाही" असं निम्मी मुलं लिहितात. ते जातं. साध्या गाळणकागदाची छिद्रं कलिलाच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. अडवतं ते चर्मपत्र किंवा सेलोफेनचं पटल.

२. काय काय गोळा करायचं

घरच्या भागासाठी:
- काचेचे चार सारखे, गुळगुळीत ग्लास. नक्षीचे नकोत.
- लेझर पॉइंटर. लाल आणि हिरवा दोन्ही मिळाले तर उत्तम.
- मीठ, दूध, तुरटी, कॉर्नफ्लोअर.
- शेतातली मूठभर काळी माती.

प्रयोगशाळेसाठी:
- फेरिक क्लोराइड, डिस्टिल्ड पाणी.
- २५० मिलीचं शंकुपात्र, ड्रॉपर, काचकांडी, बर्नर.
- डायलिसिस ट्यूब किंवा खरा सेलोफेन, आणि दोरा.
- सोडिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट.
- तपासणीसाठी सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशिअम थायोसायनेट.
- अॅप्रन, चष्मा आणि बॅचची सही झालेलं जर्नल. सही राहिली असेल तर आधी ती घ्या, परीक्षेच्या आठवड्यात धावपळ होते.

दोन गोष्टींवर थोडं थांबते. डिस्टिल्ड पाण्याऐवजी घरचं आरओचं पाणी चालेल का, असं सगळे विचारतात. फेरिक कलिलासाठी चालत नाही, त्यात क्षार उरतात. बॅटरीच्या दुकानातलं सीलबंद पाणी त्यापेक्षा बरं. दुसरं, नागपूरच्या सीताबर्डी बाजारात सेलोफेन मागितला की चकचकीत गिफ्ट पेपर हातात देतात. तो बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो आणि त्यातून पाणीच जात नाही. एक छोटा तुकडा पाण्यात पाच मिनिटं बुडवून बघा. खरा सेलोफेन भिजून मऊ आणि लिबलिबीत होतो, प्लास्टिक तसंच कडक राहतं. मी यात एक अख्खा दिवस घालवला आहे.

३. प्रकाशाचा पट्टा पाहा

खोलीत अंधार करा. चार ग्लासांत पाणी घ्या. पहिल्यात चमचाभर मीठ. दुसऱ्यात दुधाचे दोन थेंब, जास्त नकोत. तिसऱ्यात चिमूटभर काळी माती ढवळून अर्धा तास तशीच ठेवा आणि वरचं गढूळ पाणी अलगद एका रिकाम्या ग्लासात ओता. चौथ्यात उकळून गार केलेलं कॉर्नफ्लोअरचं पातळ पाणी.

आता लेझर ग्लासाच्या एका बाजूने आडवा सोडा आणि तुम्ही त्याच्या काटकोनात उभे राहून पाहा. मिठाच्या ग्लासात प्रकाश आत शिरतो आणि पलीकडच्या भिंतीवर ठिपका पडतो, मधे जवळजवळ काहीच दिसत नाही. दुधाच्या ग्लासात मात्र एक सरळ, उजळ दोरी ताणल्यासारखी दिसते. हाच टिंडल परिणाम. कण प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून वाट दिसते. आंबाझरी तलावाच्या काठावर हिवाळ्यात पहाटे फिरायला गेलात तर धुक्यातून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत असाच दिसतो.

डोळ्यांची काळजी घ्या. लेझर डोळ्यांच्या उंचीवर धरू नका, काचेवरून परावर्तित होणारा किरणही डोळ्यांत जाऊ देऊ नका. लहान मुलांच्या हातात लेझर देऊ नका.

कोणता लेझर घ्यायचा? अगदी बारीक कण कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात, आणि हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने बदलतं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश ६५० च्या लाल प्रकाशापेक्षा सव्वादोन पट विखुरतो, शिवाय आपला डोळाही हिरव्याला जास्त संवेदनशील. म्हणून स्टार्चसाठी, म्हणजे कॉर्नफ्लोअरच्या पाण्यासाठी, हिरवा छान. पण हाच हिरवा लेझर पुढच्या पायरीतल्या फेरिक कलिलात सोडला की दोन सेंटिमीटरवर विझून जातो, कारण ते तपकिरी कण हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतात. मुलं घाबरतात, आपलं कलिल चुकलं म्हणतात. तिथे लाल लेझर घ्या, आणि कलिल पाण्याने पाचपट पातळ करून बघा. अर्थात डिस्टिल्ड पाण्याने.

सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर दुधाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळून ४०० पट मोठा करून पाहा. स्निग्धांशाचे गोल ठिपके जागच्या जागी थरथरताना दिसतील. लहान ठिपके जास्त, मोठे कमी. टेबल हलतंय म्हणून नाही, पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात म्हणून. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतल्या सूक्ष्म कणांची हीच हालचाल पाहिली, १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तिचं गणित मांडलं, आणि झाँ पेरँने ती मोजून रेणू खरोखर असतात हे सिद्ध केलं. त्यासाठी त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. हा प्रयोग अभ्यासक्रमात नसला तरी करा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तास संपला तरी डोळा काढवेना.

४. फेरिक हायड्रॉक्साइडचं कलिल तयार करा

आधी भांडी. साबणाने धुवा, नळाच्या पाण्याने खळखळून घ्या, आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळा. हे शेवटचं विसळणंच मी करत नव्हते.

फेरिक क्लोराइड २ ग्रॅम तोला आणि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून १०० मिली करा. पावसाळ्यात हा पदार्थ हवेतली ओल झपाट्याने ओढतो. बाटली उघडी ठेवून गप्पा मारल्या तर खडे चिकट होतात आणि वजन चुकतं. धातूचा चमचा वापरू नका, तो खराब होतो आणि द्रावणही बिघडतं. हाताला लागलं तर लगेच धुवा, पिवळे डाग पडतात.

आता शंकुपात्रात १०० मिली डिस्टिल्ड पाणी उकळा. उकळा म्हणजे खरोखर उकळा, तळातून बुडबुडे येऊन पाणी खदखदलं पाहिजे. मग ड्रॉपरने फेरिक क्लोराइडचं द्रावण थेंब-थेंब सोडा, एकूण १० मिली. सोडताना ढवळत राहा.

पहिला थेंब पडतो तो क्षण नीट पाहा. ड्रॉपरमध्ये द्रावण पिवळं असतं. उकळत्या पाण्याला टेकताच तो थेंब धुरासारखा पसरतो आणि पसरता पसरता नारिंगी होतो, मग तपकिरी. वीस-पंचवीस थेंबांनंतर अख्खं पात्र गडद लाल-तपकिरी दिसतं, पण त्यातून पलीकडचं बोट स्पष्ट दिसलं पाहिजे. पारदर्शक राहिलं तर कलिल. ढगाळ झालं तर काहीतरी चुकलं.

होतं असं की फेरिक क्लोराइडची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. उष्णतेने ही अभिक्रिया जोरात पुढे सरकते, आणि एकाच वेळी असंख्य बारीक कण जन्मतात. पाणी कोमट असेल तर हे नीट होत नाही, द्रावण पिवळंच राहतं. सगळं द्रावण एकदम ओतलं तर पाण्याचं तापमान खाली येतं आणि कण एकमेकांवर वाढून जाडे होतात. म्हणून उकळतं पाणी आणि थेंब-थेंब, या दोन्ही अटी. वाफेने पाणी कमी झालं की गरम डिस्टिल्ड पाणी घालून पातळी राखा.

या कणांना उरलेले फेरिक आयन चिकटतात, म्हणून त्यांच्यावर धन भार असतो. यू आकाराच्या नळीत विद्युतप्रवाह सोडला की तपकिरी सीमारेषा हळूहळू ऋण ध्रुवाकडे सरकते. नळी उपलब्ध असेल तर सरांना विनंती करून हे पाहाच, कारण भाराचं चिन्ह पाठ करण्यापेक्षा ते डोळ्यांनी पाहिलेलं कायम लक्षात राहतं.

आर्सेनिअस सल्फाइडचं कलिल जुन्या जर्नलमध्ये सापडेल. त्याच्या नादी लागू नका. आर्सेनिक विषारी आहे आणि लागणारा हायड्रोजन सल्फाइड वायूही. ऋण भाराचं उदाहरण हवं असेल तर आपली काळी माती आहे.

५. कलिल शुद्ध करा, पण अति नको

तयार झालेल्या कलिलात आम्ल आणि जास्तीचे आयन राहिलेले असतात. ते काढायला अपोहन, म्हणजे डायलिसिस. किडनीच्या रुग्णांसाठी जे करतात, त्याचं मूळ तत्त्व हेच.

सेलोफेन किंवा ट्यूब भिजवून मऊ करा, एक टोक दोऱ्याने घट्ट बांधा, कलिल भरा. पूर्ण भरू नका, एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा. बाहेरचं पाणी आत शिरतं आणि तुडुंब भरलेली पिशवी फुगून गाठीतून सुटते. माझ्या बॅचमध्ये दरवर्षी एक तरी पिशवी सुटते आणि बीकरभर तपकिरी पाणी होतं.

पिशवी डिस्टिल्ड पाण्याच्या मोठ्या भांड्यात लटकवा. अर्ध्या तासाने बाहेरचं थोडं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा गाळ, आला तर क्लोराइड बाहेर येतंय. दुसऱ्या नळीत थायोसायनेट टाका, रक्तासारखा लाल रंग आला तर फेरिक आयनही येताहेत. पाणी बदला, पुन्हा तपासा. दर वेळी अवक्षेप फिका होत जाईल. पाणी किंचित गरम ठेवलं तर काम लवकर होतं.

थांबायचं कधी? अवक्षेप अगदी पुसट झाला की थांबा. आयन पूर्ण काढून टाकलेत तर कणांना चिकटलेले, त्यांना भार देणारे आयनही निसटतात आणि कलिल आपोआप बसतं. शुद्धतेच्या नादात केलेलं कलिल गमावून बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

६. साकळवा

आता तयार केलेलं कलिल मुद्दाम बिघडवायचं, म्हणजे कण एकत्र आणून खाली बसवायचे. यालाच साकळवणं म्हणतात. मला सगळ्यात आवडणारी पायरी ही, कारण माझ्या तीन फसलेल्या बीकरांचं उत्तर इथे मिळतं.

तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिली फेरिक कलिल घ्या. एकीत काहीच घालू नका, ती तुलनेसाठी. दुसरीत सोडिअम क्लोराइड आणि तिसरीत सोडिअम सल्फेट, दोन्ही द्रावणं सारख्याच मोलॅरिटीची (लिटरमागे सारखेच मोल असलेली), थेंब-थेंब घाला. प्रत्येक थेंबानंतर हलकं हलवा, दोन मिनिटं थांबा, मग पुढचा थेंब. पहिल्यांदा ढगाळ दिसलं की थेंबांची संख्या लिहा. दोन-तीन थेंबांतच साकळलं तर मोजायला काही उरत नाही, त्यामुळे ते द्रावण दहापट पातळ करून पुन्हा करा आणि जर्नलमध्ये तशी नोंद ठेवा.

सल्फेट क्लोराइडपेक्षा कितीतरी कमी लागतं. हाच शुल्झ आणि हार्डी यांचा नियम: शुल्झने १८८२ मध्ये पाहिलेला आणि हार्डीने १९०० मध्ये पक्का केलेला. कणावर जो भार आहे त्याच्या विरुद्ध भाराचा आयन साकळवण्याचं काम करतो, आणि त्या आयनावरचा भार जितका मोठा तितका तो कमी प्रमाणात पुरतो. पुढे मांडलेल्या सिद्धांतानुसार, आदर्श परिस्थितीत दोन भाराचा आयन एक भाराच्या आयनापेक्षा ६४ पट परिणामकारक ठरतो आणि तीन भाराचा ७२९ पट. प्रत्यक्षात आकडे एवढे नेमके येत नाहीत, पण उडी केवढी मोठी असते हे कळतं.

इथला सापळा: फेरिक कण धन आहेत, म्हणून मोजायचे ते ऋण आयन. सोडिअमचा इथे संबंध नाही. तोंडी परीक्षेत "अॅल्युमिनिअमवर तीन भार आहेत, मग फेरिक कलिलाला तुरटी का चांगली?" असा प्रश्न येतो. तुरटीने ते साकळतं खरं, पण तिच्यातल्या सल्फेटमुळे.

नळाच्या पाण्याने माझ्या बीकरचं काय केलं, ते आता उघड आहे. त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने आम्ल मारलं, सल्फेटसारख्या आयनांनी भार उतरवला, आणि कण एकमेकांना बिलगून खाली बसले.

आता काळ्या मातीकडे या. तिचे कण ऋण आहेत, त्यामुळे इथे तुरटीतला तीन भाराचा अॅल्युमिनिअम आयन खरा कामाचा. जुलैमध्ये कन्हान नदीचं पाणी पाहिलंय ना? दुधाळ चहासारखं. त्यातला दोन मायक्रोमीटरचा मातीचा कण स्तब्ध पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे आठ तास घेतो. कण त्याच्या विसाव्या भागाएवढा असेल तर ४०० पट वेळ, म्हणजे साडेचार महिने. आणि इतकं स्तब्ध पाणी कुठे असतं? नुसतं ठेवून हे पाणी निवळणार नाही. कन्हानला काय किंवा पेंचचं पाणी येतं त्या गोरेवाड्याला काय, शुद्धीकरण केंद्रात आधी हा भारच उतरवावा लागतो.

हे घरी करून बघा. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलीत १० मिलिग्रॅम तुरटी असेल. काळ्या मातीचं सारखंच गढूळ पाणी चार भांड्यांत एक-एक लिटर घ्या. पहिल्यात काही नाही, मग अनुक्रमे २, ५ आणि १० मिली तुरटीचं द्रावण. एक मिनिट जोरात ढवळा म्हणजे तुरटी सगळीकडे पोचेल. मग पंधरा मिनिटं अगदी सावकाश ढवळा. घाई केलीत तर जमत आलेले पुंजके तुटतात. मग अर्धा तास हात लावू नका.

सावकाश ढवळताना भांड्याच्या कडेला डोळा लावा. पाण्यात आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसू लागतात. ते एकमेकांना लागतात, चिकटतात, आणि कापसाच्या पेळूसारखे मऊ पुंजके होऊन तरंगतात. त्यांच्या मधलं पाणी एकाएकी स्वच्छ दिसायला लागतं. तुरटी इथे दोन कामं करते: भार उतरवते, आणि पाण्यातल्या बायकार्बोनेटशी अभिक्रिया होऊन अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडची जी जेली तयार होते, तिच्यात माती अडकवून खाली ओढते.

म्हणून या प्रयोगाला नळाचं किंवा विहिरीचं पाणीच घ्या. डिस्टिल्ड पाण्यात बायकार्बोनेट नसतं, पुंजके नीट धरत नाहीत. फेरिकसाठी डिस्टिल्ड, तुरटीसाठी नळाचं. ही अदलाबदल मुलं हमखास करतात.

जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ, असंही नाही. प्रमाणाबाहेर घातली तर पाणी आम्लधर्मी होतं आणि कणांवरचा भार उलटून धनही होऊ शकतो. मग ते पुन्हा एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. आणि निवळलेलं पाणी म्हणजे पिण्यायोग्य पाणी नव्हे, जंतू त्यात असू शकतात. उकळल्याशिवाय पिऊ नका. १९५८ पासून ज्या शहरात पाण्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आजची नीरी, त्या शहरातल्या विद्यार्थ्याने हा प्रयोग एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असं करत गोदावरीला मिळतं आणि बंगालच्या उपसागराला जातं. वाटेत सोबत आलेली बारीक माती समुद्राच्या खारट पाण्याला भेटली की तिचाही भार असाच उतरतो आणि ती बसायला लागते. नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश तयार होतो त्यात या साकळण्याचाही वाटा आहे. आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांतून जाणारी राख अडवायला तीच गोष्ट हवेत करतात: धुरातल्या कणांना विद्युतभार देऊन विरुद्ध भाराच्या पट्ट्यांवर ओढून घेतात.

७. गोंद आणि स्टार्च वेगळे का वागतात

अर्धा ग्रॅम स्टार्च आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग उकळत्या १०० मिली पाण्यात ढवळत ओता. कोरडी पावडर थेट उकळत्या पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, कढीत बेसन टाकल्यासारख्या.

या कलिलात मिठाचे थेंब टाका. काही होत नाही. स्टार्च, गोंद, जिलेटिन यांच्या कणांभोवती पाण्याचं आवरण असतं, ते नुसत्या भारावर अवलंबून नसतात. यांना लायोफिलिक (द्रवस्नेही) म्हणतात, फेरिकसारख्यांना लायोफोबिक (द्रवद्वेषी). आता सहाव्या पायरीसारखंच ५ मिली फेरिक कलिल घ्या, त्यात आधी जिलेटिनचं थोडं पातळ द्रावण मिसळा आणि मग मीठ घाला. पूर्वी जितक्या थेंबांत साकळलं होतं, त्याहून बरेच जास्त लागतील. जिलेटिन कणांभोवती पांघरूण घालतं. पूर्वी शाईत गोंद घालत त्याचं एक कारण हेच.

८. स्वयंपाकघरातली दोन उदाहरणं

दुधात संत्र्याचा रस पिळा, दूध फाटेल. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण भार असतो. आम्ल वाढून सामू (pH) ४.६ च्या आसपास आला की तो भार शून्यावर येतो आणि कण एकत्र येतात. सहाव्या पायरीचीच गोष्ट.

तर्री पोह्यांवरची तर्री म्हणजे तेल आणि पाणी वेगळं झालेलं. रस्सा उकळताना जोरात ढवळला की तेलाचे थेंब काही क्षण पसरतात, पण त्यांना धरून ठेवणारं पुरेसं काही नसतं, म्हणून तेल वर येतं. बाटलीत तेल-पाणी हलवून पाहा आणि मग त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब घालून पुन्हा हलवा. दुसऱ्या वेळी पांढरट मिश्रण बराच वेळ टिकतं.

९. जर्नल, तोंडी परीक्षा आणि भांडी

निरीक्षण लिहिताना "कलिल तयार झाले" एवढं लिहू नका. रंग, पारदर्शक की ढगाळ, लेझरची वाट दिसली का, कोणत्या रंगाचा लेझर, किती थेंब, किती मिनिटांनी, हे लिहा. साकळण्याच्या तक्त्यात तुलनेच्या नळीची नोंद राहून जाते, ती आठवणीने करा. प्रयोग फसला असेल तर तेही लिहा आणि कारण लिहा. मी तपासते तेव्हा अशा पानाला पूर्ण गुण देते.

तोंडी परीक्षेत तीन प्रश्न फिरून फिरून येतात: कणांवर भार कुठून आला, उकळतं पाणीच का, आणि अपोहन जास्त केलं तर काय होईल. तिन्हींची उत्तरं पुस्तकातल्या व्याख्येने देऊ नका, तुमच्या बीकरमध्ये काय झालं ते सांगा.

काम संपल्यावर शंकुपात्राला आतून तपकिरी थर राहतो. घासून तो जात नाही. थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून फिरवा, पिवळं होऊन सुटतो. मग नळाचं पाणी, मग डिस्टिल्डने दोनदा विसळणं, आणि पात्र रॅकवर पालथं. दुपारच्या बॅचला तेच पात्र लागणार असतं.